टोपी न चढवलेले सहा बार

मी आज जे काम करतो त्याचं श्रेय एकाच व्यक्तीला द्यायचं झालं, तर ते श्रीमती विमल सोनवणे यांना, आमच्या सोनवणे बाईंना. मंठ्याच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. माझे वडील जिनिंगमध्ये हमाली करत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं असतं हे सांगणारंही कुणी नव्हतं. बाई वडिलांना आणि मला घेऊन स्वतः औरंगाबादला आल्या आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या रांगेत आमच्याबरोबर उभ्या राहिल्या. मेटलर्जी म्हणजे काय, असं वडिलांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "धातूंचा डॉक्टर होईल तो." वडिलांना तेवढं पुरलं. मलाही.

धातूंचा डॉक्टर झालो, पण रोगी वेगळेच मिळाले. अमेरिकेत एमएस केलं, पोलादाच्या कारखान्यात काही वर्षं काढली, तो कारखाना बंद पडला आणि ओहायोतल्या एका छोट्या इतिहास-संग्रहालयात जुन्या धातूच्या वस्तूंची निगा राखायचं काम मिळालं. नांगराचे फाळ, घंटा, दिवे, आणि बंदुका. बंदुका फार. ओहायोतल्याच डब्लिन गावच्या आमच्या मराठी मंडळात यावरून माझी मनसोक्त थट्टा चालते. "अरे यार, आम्ही क्लाउड मायग्रेट करतो आणि तू गंज काढतोस," असं एका मित्राचं ठरलेलं वाक्य आहे. या अंकाच्या संपादक नीलिमा काकूंनी लेख मागितला तोसुद्धा अशा अटीवर, की बंदुकांवर लिही पण रक्त सांडू नकोस, दिवाळी आहे.

रक्त सांडत नाही. उलट दिवाळीपासूनच सुरुवात करतो.

लहानपणी आपण टिकल्या फोडायचो. कागदावर दारूचा ठिपका, वर दगड मारला की फट्. एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळातली अमेरिकन रिव्हॉल्व्हरं याच टिकलीवर चालत. फक्त ही टिकली कागदाऐवजी तांब्याच्या इवल्याशा टोपीत, आतल्या बाजूला बसवलेली असे. आज आपण सिनेमात पाहतो तशी पितळेची तयार काडतुसं तेव्हा सर्रास मिळत नव्हती. म्हणजे आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीसारखाच मामला, फक्त एका नळीऐवजी फिरणाऱ्या चाकात सहा घरं, आणि प्रत्येक घर म्हणजे एक छोटी ठासणीची बंदूक.

भरायची रीत अशी. घोडा, म्हणजे मागची आपटणारी हातोडी, अर्धा मागे ओढायचा, म्हणजे चाक मोकळं फिरतं. मग चाकाच्या पुढच्या तोंडाने, म्हणजे जिथून गोळी बाहेर जाणार त्याच बाजूने, एका घरात मोजून काळी दारू ओतायची. तिच्यावर शिशाची गोल गोळी ठेवायची. ही गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते, ती सहज आत जात नाही. नळीखाली एक दांडा असतो, तो खाली ओढला की त्याचा दट्ट्या गोळीला आत दाबतो आणि शिशाची एक बारीक कडी सोलून बाहेर पडते. ती कडी पडली की समजायचं, गोळी घट्ट बसली. अशी सहाही घरं भरायची, वरून चरबी किंवा मेण लिंपायचं, कारण एका घराचा जाळ शेजारच्या घरात शिरला तर सगळे बार एकदम उडतात आणि मग नेम कुणावर धरला होता याला अर्थ राहत नाही. सगळ्यात शेवटी चाकाच्या मागच्या बाजूला, प्रत्येक घराच्या पाठीशी असलेल्या बारीक भोकाच्या टोटीवर तांब्याची टोपी चढवायची.

टोपी शेवटी. यात तडजोड नाही. टोपी नसलेला बार म्हणजे काडेपेटीशिवायचा स्टोव्ह. टोपी चढली की मात्र तो जागा झाला. टोप्या सैल असल्या तर पडत, म्हणून लोक त्या चिमटीत किंचित दाबून चढवत. फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रात अडकू नये म्हणून घोडा ओढताना नळी आकाशाकडे करत. हे सगळं थंडीत, घोड्यावर बसून, बोटं बधिर झालेली असताना. मी हे उजेडात, टेबलावर, चष्मा लावून करून पाहिलं आहे, तरी टोप्या माझ्या हातून घरंगळतात.

आमच्या कामातली खरी अडचण अशी की लोक ही रिव्हॉल्व्हरं माळ्यावरून काढून आणतात आणि काउंटरवर ठेवत म्हणतात, "काळजी नको, दीडशे वर्षांपूर्वीचं आहे." जणू दारूला मुदत असते. काळी दारू कोरडी राहिली तर शिळी होत नाही. म्हणून कुठलंही रिव्हॉल्व्हर आलं की आम्ही आधी मागच्या टोट्या पाहतो, टोप्या आहेत का, आणि मग पुढून प्रत्येक घरात लाकडी काडी सोडून खोली तपासतो. काडी पूर्ण गेली तर घर रिकामं. मध्येच थांबली तर आत काहीतरी आहे.

काहीतरी म्हणजे काय, हे दरवेळी पाहण्यासारखं असतं. एकदा एका गृहस्थांचं रिव्हॉल्व्हर आलं, सगळ्या घरांत काडी अडली. आम्ही दालन रिकामं केलं, पाहुण्यांना बाहेर हिरवळीवर काढलं, एक्स-रे केला. आत गोळी नव्हती. कुंभारीण माशीने सहाही घरांत मातीची घरटी लिंपली होती. ते गृहस्थ खट्टू झाले. पणजोबांच्या नावावर माशी लागलेली त्यांना आवडली नाही. दुसऱ्या एका बाईंनी आईच्या आठवणीसाठी म्हणून रिव्हॉल्व्हरला वरपासून खालपर्यंत चंदेरी रंग दिला होता. तो रंग काढायला मला पूर्ण हिवाळा लागला. ती निळसर काळी झळाळी खालून हळूहळू वर आली तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

पण सांगायचं आहे ते मार्लीनबाईंच्या रिव्हॉल्व्हरबद्दल.

मार्लीन सत्तरी ओलांडलेल्या, कोलंबसच्या पश्चिमेला शेतावर राहणाऱ्या. नवरा वॉल्ट गेल्या हिवाळ्यात वारला. आता घर विकून त्या नॉर्थ कॅरोलायनात मुलीकडे, कॅरेनकडे, निघाल्या होत्या. वॉल्टच्या खापरपणजोबांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या बैठकीत फायरप्लेसवर टांगलेलं असायचं, आणि ते भरलेलं होतं. घरातली कथा अशी, की खापरपणजोबा यादवी युद्धातून परतले ते चाकात सहा बार तसेच घेऊन, आणि त्यांनी शपथ घेतली की हे बार उडणार नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या कुणी त्यांना हात लावला नाही. दर उन्हाळ्यात सगळं कुटुंब जमे तेव्हा वॉल्ट ते खाली काढून मुलांना दाखवायचा आणि ही कथा सांगायचा.

मरण्यापूर्वी वॉल्टने मार्लीनबाईंना सांगितलं होतं, रिव्हॉल्व्हर म्युझियमला दे. पण त्यांना ते उघडू देऊ नकोस.

इथेच गाठ बसली. भरलेलं हत्यार आमच्याकडे ठेवून घेता येत नाही, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. आमच्या शस्त्रविभागाच्या प्रमुख रूथ यांनी ते मार्लीनबाईंना सौम्यपणे सांगितलं. उघडायचं नसेल तर ते वॉल्टच्या बहिणीकडे, जोनकडे, जाणार होतं. जोन त्या दिवशी बरोबरच आल्या होत्या. त्यांना ते भरलेलंच हवं होतं, आपल्या बैठकीत, नातवंडांसमोर, तसंच टांगलेलं. म्हणजे मार्लीनबाईंपुढे दोनच वाटा होत्या. नवऱ्याला दिलेला शब्द मोडायचा, किंवा एक भरलेलं हत्यार लहान मुलांच्या घरात जाऊ द्यायचं.

जोन म्हणाल्या, "वॉल्टने तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, मार्लीन."

"एकच?" मार्लीनबाई म्हणाल्या. "तू त्याच्याबरोबर इतकी वर्षं राहिली नाहीस."

मी त्यांना एवढंच सांगू शकत होतो, की टोट्यांवर टोप्या नाहीत म्हणून ते आज कुणाला मारणार नाही, पण टोपी बाजारात मिळते आणि चढवायला क्षणही लागत नाही. निर्णय त्यांचा. मार्लीनबाई दोन आठवडे विचार करते म्हणून गेल्या. मला वाटलं, परत येणार नाहीत. आल्या, जोनना घेऊनच आल्या, आणि रिव्हॉल्व्हर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "उघड, बाला." माझं नाव बालाजी, पण तिथवर त्या कधी पोहोचल्या नाहीत. "वॉल्ट रागावला तर मी पाहून घेईन. मला सवय आहे."

जोन खुर्ची भिंतीला लावून हाताची घडी घालून बसल्या. काम सुरू असताना बघणाऱ्यांना आम्ही काचेच्या पलीकडे बसवतो, पण दार मध्ये उघडं असतं, बोलणं ऐकू येतं.

एक्स-रेमध्ये सहा गोळ्या स्वच्छ दिसत होत्या. मागच्या टोटीतून पाणी सोडून मी दारू भिजवली. भिजलेली दारू मेलेली असते. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा आल्यावर टोटी उघडून काळा चिखल धुऊन काढला आणि त्याच्या मागे पांढरं काही दिसलं. रूथ म्हणाल्या, शिशाची बुरशी असणार. जुन्या शिशावर पांढरी भुकटी चढते, ती विषारी असते, मी हातमोजे बदलले. पण चिमट्याने थोडं काढून भिंगाखाली धरलं तर ते भुकटीसारखं दिसेना. दाणे होते. पाणी पिऊन फुगलेले, कडेने मऊ झालेले दाणे.

हे दाणे मी ओळखत होतो. दर रविवारी ओळखतो. पण अमेरिकन युद्धातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये रवा निघाला असं म्हणायला जीभ वळेना.

शाळेत सोनवणे बाईंनी भाताच्या शितावर आयोडीनचा थेंब टाकून ते निळं करून दाखवलं होतं. पिष्ट असेल तर निळं होतं. आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत जखमेवर लावायचं आयोडीन होतं. गोळीजवळचे स्वच्छ दाणे काचपट्टीवर घेतले, थेंब टाकला. दाणे निळेकाळे झाले.

रूथ काचपट्टीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पुढून निघालेली गोळी उचलली. जुनी गोळी घरी साच्यात ओतलेली असते, तिच्यावर साच्याच्या तोंडाची खूण राहते. ही गोळी सगळीकडून गुळगुळीत होती, कारखान्यात दाबून केलेली. वरचं लिंपणही चरबी नव्हती, केक करताना वापरतात तसलं पांढरं वनस्पती तूप होतं. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

आमच्याकडे हौशी लोकांची एक तुकडी येते, जुने गणवेश घालून युद्धाची प्रात्यक्षिकं करून दाखवते. नेमबाजीसाठी कमी दारू भरायची असली की मधली जागा ते रव्याने भरतात, म्हणजे गोळी घराच्या तोंडाशी येऊन बसते. नाश्त्याला दुधात शिजवतात तो डब्यातला रवा. त्यांच्यातल्या एकाला मी आपल्या ग्रोसरीतला बारीक रवा नेऊन दिला होता, तेव्हापासून तो दुसरा वापरत नाही. ही रीत आजकालच्या हौशी लोकांची. खापरपणजोबांची असण्याचा संभव फार कमी.

हे दारातून दोघींना सांगायचं काम रूथनी माझ्यावर सोपवलं. मी सांगितलं: हे बार जुने नाहीत, आपल्या हयातीत कुणीतरी भरलेले आहेत, आणि ज्याने भरले त्याला ही रीत माहीत होती.

जोनचा चेहरा उतरला. "म्हणजे कथा खोटी?"

मी म्हटलं, ते रिव्हॉल्व्हर सांगू शकत नाही. ते फक्त शेवटच्या हाताबद्दल सांगतं. आधी जुने बार होते की नव्हते, हे आता कळायचा मार्ग नाही.

"वॉल्ट," जोन म्हणाल्या. "वॉल्ट जायचा त्या लोकांबरोबर. गणवेश घालून. तुमचं लग्न झालं तेव्हा."

मार्लीनबाई माझ्या काचपट्टीवरच्या निळ्या दाण्यांकडे पाहत होत्या. मग विचारलं, "हा कुठला रवा म्हणालास?"

मी सांगितलं. नाश्त्याचा, डब्यातला.

"कॅरेन झाली तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होते," त्या म्हणाल्या. "घरी आले तर माझा रव्याचा नवा डबा फोडलेला. आणि शेजारी सांगत आला की तुमच्या शेतातून बार ऐकू आले. वॉल्ट म्हणाला, कोल्हे हाकलत होतो. मी विचारलं, रवा कुणी खाल्ला? म्हणाला, मी. तू नव्हतीस ना, शिजवून खाल्ला, मला फार आवडला."

जोन म्हणाल्या, "वॉल्टला? लहानपणी आई भरवायची तर टेबलाखाली थुंकायचा."

"मला काय माहीत." मार्लीनबाईंचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं आवडतो. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी त्याला सकाळी तोच करून घालत आले. शेवटच्या आठवड्यापर्यंत. बाऊल पुसून खायचा."

जोन आधी हसल्या. भिंतीला डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग मार्लीनबाई. रूथ माझ्याकडे पाठ करून खिडकीशी गेल्या. मी चिमटा धरून तसाच उभा होतो.

थोड्या वेळाने मार्लीनबाईंनी विचारलं, त्याने टोप्या का चढवल्या नसतील? मी म्हटलं, उत्तर मला माहीत नाही, पण घरात तान्हं मूल येणार असताना मीही चढवल्या नसत्या.

या कामाचा मला अभिमान आहे आणि एक खंतही आहे. आम्ही उघडतो म्हणजे मोडतो. कुणाच्या तरी हाताने ठासलेला बार एकदा धुऊन काढला की तो हात पुसला गेला. आमच्याआधीच्या लोकांनी असे कितीतरी बार काढून, आत काय आहे हे न बघता, नाल्यात ओतले. त्यांत कुणाचा रवा होता, कुणाला ठाऊक. म्हणून आता मी आधी बघतो, आणि थोडं कुपीत जपून ठेवतो.

परवा सोनवणे बाईंचा फोन आला होता. आता त्यांना कमी ऐकू येतं. एवढं शिकून तू तिकडे नेमकं करतोस काय, हे फोनवर ओरडून सांगता येईना. म्हणून पत्र लिहिलं. नीलिमा काकू, तेच जसंच्या तसं देतो.

आदरणीय बाई,

सा. न.

तुम्ही विचारलंत मी काय करतो. मागच्या महिन्यात मी एका रिव्हॉल्व्हरमधून रवा काढला. सोबत सगळी हकीकत आणि फोटो पाठवतो आहे. निळे दाणे तुम्ही लगेच ओळखाल.

रिव्हॉल्व्हर आता आमच्याकडे आहे, रिकामं. शेजारी कुपीत रवा ठेवला आहे. पाटीवर काय लिहायचं यावर बरीच चर्चा झाली. रूथना पुरावा नसलेली कथा पाटीवर नको होती. शेवटी वॉल्टच्या बहिणीनेच मजकूर सुचवला: खापरपणजोबांनी घरी आणलं, वॉल्टने भरलं, टोपी चढवली नाही. यातलं पहिलं आम्ही सिद्ध करू शकत नाही, म्हणून त्याच्या आधी ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ असं घातलं. त्यांनी ते चालवून घेतलं.

मार्लीनबाई मुलीकडे राहायला गेल्या. जाण्यापूर्वी येऊन काचेसमोर उभ्या राहिल्या. नवऱ्याला दिलेला शब्द मोडल्याचं वाईट वाटतं का, हे मी विचारणार नव्हतो. त्याच म्हणाल्या, "खरंच लपवायचं असतं तर त्याने म्युझियमला दे असं सांगितलंच नसतं. उघडू देऊ नकोस म्हणाला, म्हणजे त्याला ठाऊक होतं की मी उघडायला लावणार."

काल त्यांच्या मुलीचा, कॅरेनचा, मला फोन आला. आईने तिला सगळं सांगितलं होतं. तिने माझं काम काय, रवा कसा ओळखला, यातलं काही विचारलं नाही. एकच विचारलं, की मी जन्मले त्या दिवशी बाबाने त्या आनंदात सहापैकी किती बार उडवले?

मी तिला खरं ते सांगितलं. चाकात सहाही नव्याने भरलेले होते, पण त्यावरून त्या दिवशी किती उडवले हे कळत नाही. एखादाच असू शकेल. त्याच दिवशी उडवले हेही मी खात्रीने सांगू शकत नाही.

ती म्हणाली, "ठीक आहे. मग मी सहा धरते."

तब्येतीला जपा.

तुमचा विद्यार्थी,
बालाजी